जुन्या दिवाळी अंकांतल्या खाण्यापिण्याच्या जाहिराती औषधाच्या भाषेत का बोलतात?

माळ्यावरचा_वाचक (सदाशिव पेठ)

नमस्कार मंडळी. आमच्या वाड्याचा पुनर्विकास अखेर ठरला आणि माळा रिकामा करताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत दिवाळी अंकांचा आणि मासिकांचा एक मोठा गठ्ठा सापडला. निम्म्या अंकांना कसर लागली आहे, बऱ्याच अंकांची मुखपृष्ठे गेली आहेत. कथा वाचाव्यात म्हणून बसलो होतो, पण चार दिवस जाहिरातीच वाचत राहिलो, आणि त्यांतून जे प्रश्न पडले ते येथे मांडतो.

आधी एक नमुना सांगतो. अर्ध्या पानाची एक जाहिरात आहे, दुधात घालून प्यायच्या कसल्याशा माल्टयुक्त पुडीची. तीत चार चौकटी आहेत. पहिल्या चौकटीत एक कारकून फायलींवर डोके टेकून बसला आहे आणि दारात साहेब उभा आहे. दुसऱ्या चौकटीत डॉक्टर त्याला तपासतो आहे. तिसऱ्या चौकटीत नऊवारीतली पत्नी वाफाळता पेला घेऊन आली आहे. ही वाफ चित्रकाराने इतक्या उत्साहाने काढली आहे, की ती चौकट ओलांडून थेट डॉक्टरच्या बुटांपर्यंत पोहोचते. चौथ्या चौकटीत कारकुनाला बढती मिळते. भिंग घेऊन पाहिल्यावर लक्षात आले, की साहेब आणि डॉक्टर यांचा चेहरा एकच आहे, फक्त साहेबाला मिशा काढल्या आहेत.

ही जाहिरात तऱ्हेवाईक वाटली म्हणून मी बाकीच्या जाहिराती नीट पाहू लागलो, तर सगळीकडे हाच प्रकार दिसला. बिस्किटे पचायला हलकी, वनस्पती तूप शक्तिदायक, चॉकलेट पौष्टिक, साध्या पेपरमिंटच्या गोळ्यासुद्धा घसा मोकळा करणाऱ्या. पदार्थ चवीला चांगला आहे, हे जवळजवळ कोणीच सांगत नाही, आणि सांगितलेच तर शेवटच्या ओळीत, जरा ओशाळून. याउलट अंकाच्या शेवटच्या पानांवर आपल्या पेठांतल्या चिवडा-लाडूवाल्यांच्या ज्या चिमुकल्या जाहिराती आहेत, त्यांत नाव, पत्ता आणि मागणीप्रमाणे माल मिळेल एवढाच मजकूर आहे. तेथे ना डॉक्टर आहे, ना शक्ती.

तर माझे प्रश्न असे. खायच्या वस्तूला औषधाचा वेष का चढवला गेला? या जाहिरातींतले मराठी इतके अवघडलेले का असते, म्हणजे वाक्य व्याकरणाने बरोबर असते, पण तसे कोणी बोलत नाही? आणि मुखपृष्ठ नसलेल्या अंकाचा काळ केवळ जाहिरातींवरून ठरवता येतो का?

शाई_आणि_जस्त

आपल्या प्रश्नाने बरे वाटले. मी कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेऊन १९७१ साली एका छोट्या जाहिरात कचेरीत ले-आउट करायला लागलो, त्यामुळे आपण म्हणता त्या जाहिराती करणारी आधीची पिढी मी जवळून पाहिली आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो माझ्या धंद्याचा आहे.

मोठ्या मालाच्या जाहिराती मुळात मराठीत लिहिल्याच जात नसत. जे. वॉल्टर थॉम्प्सन ही अमेरिकन एजन्सी १९२९ साली मुंबईत आली, लीव्हर कंपनीची लिंटास १९३९ साली सुरू झाली, आणि अशा कचेऱ्यांत मजकूर आधी इंग्रजीत ठरत असे. तो साहेबाने मंजूर केला, की एकाच चित्राखाली मराठी, गुजराती, हिंदी, तमिळ असे मजकूर बसवायचे. भाषांतर करणारे गृहस्थ बहुधा शाळामास्तर किंवा वर्तमानपत्रातले उपसंपादक असत आणि संध्याकाळी वरकमाई म्हणून हे काम करत. त्यांच्यापुढे चित्र नसे, उत्पादनाचा डबा नसे, फक्त टंकलिखित कागद असे, आणि मूळ अर्थापासून ढळायचे नाही अशी ताकीद असे. भाषांतर मंजूर करणाऱ्याला मराठी येत नसल्यामुळे तो शब्दाला शब्द जुळवून पाही. म्हणून ते मराठी इस्त्री केलेल्या धोतरासारखे ताठ दिसते.

त्यात जागेची अडचण असे. इंग्रजी ओळीसाठी सोडलेल्या पट्टीत देवनागरी ओळ बसवायची, तर वरच्या मात्रा वरच्या ओळीला आणि खालचे उकार खालच्या ओळीला टेकत. मग अक्षर लहान करा, नाहीतर शब्द गाळा. मोठे मथळे आम्ही हातानेच काढत असू, कारण शोभेचे टाइप मराठीत फारसे नव्हतेच. जुन्या जाहिरातींतल्या अक्षरांचा जो डौल आज लोकांना मोहवतो, तो पुष्कळदा या टंचाईतूनच आलेला आहे.

आता आपला पहिला प्रश्न. यावर माझे मत थोडे कारागिराचे आहे. तेव्हा छपाई जस्ताच्या ब्लॉकवरून होत असे. फोटो छापायचा तर हाफटोन, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांच्या जाळीचा, ब्लॉक करावा लागे आणि वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला इंचाला ५५ ते ८५ ओळींची जाडच जाळी चाले. अशा जाळीतून श्रीखंडाची वाटी छापली, तर ती चुन्याच्या घमेल्यासारखी दिसते आणि तळलेल्या करंज्या नदीतल्या गोट्यांसारख्या. म्हणून चित्रकार रेषेचा आसरा घेत, आणि रेषेत चव काढता येत नाही. रेषेत माणसाचा चेहरा मात्र काढता येतो: आधी ओढलेला, मग तरतरीत. म्हणजे आरोग्य काढता येते. चवीसाठी आमच्याकडे एकच खूण होती, ती म्हणजे आपण पाहिलेली वाफ, आणि तीत चित्रकार सगळी हौस भागवून घेत असे.

याला पुरावा म्हणावा, तर माध्यम बदलल्यावर भाषाही बदलली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या पहिल्याप्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून. कुरकुरीत बिस्किट कानाला ऐकवता येऊ लागले, सरबत ओतल्याचा आवाज ऐकवता येऊ लागला. १९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती आल्या आणि मग डॉक्टरांना थोडी विश्रांती मिळाली. अमूलचे उदाहरण तर फार बोलके आहे. त्यांची आधीची इंग्रजी ओळ शुद्धतेची ग्वाही देणारी होती. १९६६ साली सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकातली ती मुलगी आणली आणि लोण्याची जाहिरात एकदम थट्टेच्या सुरात बोलू लागली. ती रंगीत होती आणि रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर होती, हेही विसरू नये.

एक फजिती सांगून थांबतो. उमेदवारीच्या काळात एका स्थानिक पौष्टिक पुडीची जाहिरात माझ्याकडे आली होती. ‘शक्तिवर्धक’ हा शब्द मी दोन दिवस खपून मोठ्या वळणदार अक्षरांत काढला. ब्लॉकमेकरकडे घासकाम करताना नेमका रफार उडाला, प्रूफ कोणी पाहिले नाही, आणि त्या पुडीची जाहिरात ‘शक्तिवधक’ म्हणून छापून आली. मालकांनी पैसे कापले. त्यांचा खप मात्र कमी झाला नाही, यावरून जाहिराती किती वाचल्या जातात याचा मला अंदाज आला.

रास्तापेठी

शेवटच्या पानांवरच्या चिवडेवाल्यांबद्दल थोडेसे. आपल्या पुण्यात ‘आमची कोठेही शाखा नाही’ हीच सर्वांत मोठी जाहिरात मानली गेली आहे. ज्या दुकानदाराला दुपारी गिऱ्हाईक आलेलेच आवडत नाही, तो शक्तीची ग्वाही कशाला देईल? शिवाय चिवडा म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला सांगावे लागत नव्हते. भाकरीची आणि पिठल्याची जाहिरात आपल्या गठ्ठ्यात सापडली तर अवश्य कळवा.

पंचहौद_ते_पेशवेपार्क

वरील प्रतिसादातला विनोद मला महत्त्वाचा वाटतो, कारण उत्तर तेथेच आहे. जी वस्तू घरात आधीपासून होती तिला जाहिरात लागली नाही. जी बाहेरून आली, तिला आधी उंबरठा ओलांडायचा होता. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे, तेव्हा थोडे लांबले तर क्षमा असावी.

चहा आणि बिस्किटे या आज अगदी निरुपद्रवी वाटणाऱ्या जोडीने आपल्याच शहरात केवढा गोंधळ घातला होता, हे आठवून पाहावे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्या मंडळींत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करवली, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घेण्यापर्यंत पाळी आली. कोणी चहा प्याला आणि कोणी नुसता पेला हातात धरला, यावर या शहराने कित्येक महिने काथ्याकूट केला.

आता अशा समाजात बिस्किट विकायचे आहे असे समजा. ते कोणी मळले, कोणाच्या हातचे, त्यात काय घातले आहे, हे प्रश्न स्वयंपाकघराच्या दारातच उभे असणार. पण आपल्या परंपरेत एका वस्तूला या सगळ्यातून सूट होती. ‘औषधं जाह्नवीतोयं वैद्यो नारायणो हरिः’ हे वचन आमच्या आजीच्या तोंडी कायम असे. औषध म्हणजे गंगाजल. त्याला विटाळ नाही. सोवळ्यातल्या बायकासुद्धा डॉक्टरने दिलेले मिक्सचर घेत. म्हणून पाव आणि बिस्किटे बऱ्याच मराठी घरांत प्रथम आजाऱ्याच्या उशाशी आली. आमच्या लहानपणी घरात कोणी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणला, तर शेजारच्या काकू दारातूनच ‘कोणाला बरे नाही?’ असे विचारत. वस्तू औषध म्हणून आत आली, की ती हळूहळू माजघरातून ओसरीवर येते आणि मग पाहुण्यांच्या बशीत जाते. शाई-जस्तवाल्या काकांची जाळीची उपपत्ती मला पटते, पण ती अपुरी वाटते. रंगीत छपाई असती तरीही पहिली पन्नास वर्षे डॉक्टर त्या चित्रात राहिलेच असते, असे माझे मत आहे. कारखान्यात हातांचा स्पर्श न होता केलेला माल, हे वाक्य जुन्या जाहिरातींत वारंवार येते. त्यात यंत्राचे कौतुक आहे तसेच सोवळ्याचे आश्वासनही आहे, आणि दोन वाचकांनी ते दोन प्रकारे वाचले असणार.

चहाची कथा थोडी निराळी आहे. हिंदुस्थानात चहा पिकत होता, पण तो बहुतांशी परदेशी जाई. १९०३ साली मळेवाल्यांच्याच मागणीवरून निर्यातीवर चहा-उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशांतून प्रचार सुरू झाला. १९३० नंतरच्या मंदीत परदेशी माल खपेना, तेव्हा या प्रचाराने देशातल्या गिऱ्हाइकाकडे जोराने मोर्चा वळवला: गिरण्यांत आणि बाजारांत फुकट चहाचे पेले, प्रात्यक्षिके करून दाखवणारी माणसे आणि रेल्वे स्थानकांवर इनॅमलचे फलक.

असा एक फलक मी जुन्या बाजारात, रविवारच्या गर्दीत, प्रत्यक्ष हाताळला आहे. घ्यायचा मोह झाला होता, परंतु विक्रेत्याने सांगितलेली किंमत ऐकून फक्त हाताळण्यावर समाधान मानले. जाड पत्रा, त्यावर काचेसारखा निळा थर; चार कोपऱ्यांना स्क्रूची भोके आणि भोकांभोवती इनॅमल उडून पडलेला गंजाचा तांबडा चांद. रंगाचा प्रत्येक थर सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत स्वतंत्रपणे भाजावा लागतो, म्हणून अशा फलकांवर रंग दोन-तीनच असतात, आणि म्हणूनच ऐंशी वर्षे उन्हापावसात राहूनही ते विटत नाहीत. त्यावर पेला धरलेली एक स्त्री होती आणि शेजारी चहा करण्याची कृती क्रमवार लिहिलेली होती: पाणी ताजे घ्यावे, उकळी येताच किटलीत ओतावे, माणशी एक चमचा पत्ती आणि वर एक किटलीसाठी, पाच मिनिटे झाकून ठेवावे, दूध-साखर नंतर घालावी.

गंमत अशी, की एवढा खर्च करून शिकवलेली ही कृती आपण कधीच पाळली नाही. दूध, पाणी, साखर, पत्ती आणि आले एकत्र घालून आपण ते खळखळा उकळले, आणि पुण्यात तर त्याला थेट ‘अमृततुल्य’ म्हणून मोकळे झालो. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पितळी पातेल्यात उकळवलेल्या त्या चहाच्या दुकानांचे नाव, माझ्या मते, पुण्यात तयार झालेली सर्वांत यशस्वी जाहिरात आहे. चहा-प्रचाराचा सगळा इनॅमल त्या एका शब्दापुढे फिका पडतो.

जाता जाता आणखी एक. गांधीजी चहाच्या बाजूचे नव्हते, आणि चहाचे मळे गोऱ्यांचे म्हणून राष्ट्रीय वृत्तीच्या घरांत त्याला विरोध होता. तरीही १९४७ साली अन्नदा मुन्शी या बंगाली चित्रकाराने चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचे सांगणारे भित्तिचित्र केले आणि त्यात सूत कातणारी स्त्री दाखवली. चरख्याशेजारी चहाचा पेला ठेवण्याचे हे धाडस पाहून हसावे की दाद द्यावी, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

फार्मसीवाली_कोथरूड

सगळे प्रतिसाद आवडले, पण जुन्या जाहिरातींकडे इतक्या प्रेमाने पाहताना एक गोष्ट निसटते आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावते. आपल्या नमुन्यातला तो डॉक्टर केवळ सोवळे-ओवळे टाळण्यासाठी आलेला नाही. तो भीती विकायला आलेला आहे, आणि ही युक्ती आपल्या देशात जन्मलेली नाही.

हॉर्लिक्ससाठी १९३० च्या दशकात जे. वॉल्टर थॉम्प्सननेच इंग्लंडमध्ये ‘रात्रीची उपासमार’ नावाचा एक विकार शोधून काढला. माणूस झोपेत उपाशी राहतो, म्हणून सकाळी थकलेला उठतो आणि त्याची बढती हुकते, असे ते शास्त्र होते. वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात असा आजार नव्हता. तो फक्त जाहिरातीत होता आणि त्यावरचा उपायही त्याच जाहिरातीत होता. आपल्या चार चौकटींतला कारकून त्याच घराण्यातला दिसतो. अमेरिकेत सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी १८९५ साली पोस्टम नावाचे भाजलेल्या धान्याचे पेय काढले आणि ते खपावे म्हणून कॉफीने मज्जातंतू बिघडतात असा धोशा लावला. पुढे तर कॉफीचा एक खलपुरुषच चित्रकथेत आणला गेला. १९२९ साली बाजारात आलेल्या सेव्हन-अपमध्ये लिथियमचा क्षार होता आणि नावातही तो मिरवला जात होता. १९४८ साली तो काढून टाकण्यात आला. त्याच पेयाच्या १९५० च्या दशकातल्या अमेरिकन जाहिरातीत अकरा महिन्यांचे बाळ बाटलीने ते पिताना दाखवले आहे. आज हे सगळे भिंतीवर लावायला मौजेचे वाटते. त्या वेळी कोणीतरी आईने ते खरे मानले असेल.

आपल्याकडेही बाळांचाच वापर सर्वाधिक झाला. ग्लॅक्सोच्या गुबगुबीत बाळाने तर भाषेतच घर केले. ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हटले, की आजही पन्नाशीच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. डब्याच्या दुधाच्या या जाहिरातींमुळे अंगावर पाजणे मागासलेले वाटू लागले, आणि अखेर १९९२ साली कायदा करून अर्भकांच्या दुधाच्या जाहिरातींवर बंदी घालावी लागली. वुडवर्ड्सच्या ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरवर बाळकृष्ण असे, आणि मूळच्या ग्राइप वॉटरमध्ये मद्यार्क होता. हे दोन्ही एकत्र आठवले, की मला जरा घाम फुटतो.

वनस्पती तुपाबद्दलही. डालडा १९३७ साली आला. डच कंपनीच्या ‘दादा’ या नावात लीव्हरचा ‘ल’ घालून ते नाव झाले. लिंटासने त्याच्यासाठी डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यांवर फिरवली आणि लोकांना तळलेले पदार्थ चाखायला दिले. प्रचार इतका यशस्वी झाला, की साजूक तुपात त्याची भेसळ सर्रास होऊ लागली. ती ओळखता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले, कारण तिळाच्या तेलाची रासायनिक चाचणी सोपी असते. मराठीत ‘डालडा’ हा शब्द नकलीला समानार्थी म्हणून रुळला, तो उगाच नाही. पोल्सनचे लोणी बाजारातून गेले, पण साहेबाला ‘पोल्सन लावणे’, म्हणजे त्याची खुशामत करणे, मागे राहिले. कंपनीला आपली आठवण या अर्थाने राहावी असे नक्कीच वाटले नसेल.

औषधी दाव्यांना खरा लगाम १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय या कायद्याने बसला. त्यानंतर ठरावीक रोगांची नावे घेऊन ते बरे करण्याचा दावा जाहिरातीत करता येईनासा झाला. रोगाचे नाव गेले आणि मग शक्ती, स्फूर्ती, तरतरी, वाढ असे कोणत्याही चाचणीत न सापडणारे शब्द उरले. माझ्या दुकानातल्या आजच्या डब्यांवरही तेच आहेत, फक्त अक्षरे चकचकीत झाली आहेत.

शाई_आणि_जस्त

ताई, आपला मुद्दा मान्य. आम्ही ती चित्रे काढताना दाव्याचा विचार केला नाही हे खरे. रफार जागेवर आहे का, एवढाच केला, आणि तोही नीट केला नाही.

माळ्यावरच्या वाचकांचा तिसरा प्रश्न राहून गेला आहे. जाहिरातींवरून काळ पुष्कळ नेमका ठरतो, कथांवरून इतका ठरत नाही. किंमत पाहावी. आणे आणि पै असतील तर अंक १९५७ च्या आधीचा, किंवा फार तर त्या संक्रमणाच्या वर्षातला; ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरचा आणि १९६४ च्या आसपासपर्यंतचा, कारण १ जून १९६४ रोजी त्यातले ‘नये’ गळून नुसते पैसे राहिले. वजन पौंडांत, शेरांत किंवा तोळ्यांत असेल तर दशमान वजने अजून अंगवळणी पडलेली नाहीत. पत्ता पाहावा: नुसते ‘पुणे २’ किंवा ‘पुणे ४’ असेल तर तो पिनकोडच्या आधीचा विभाग क्रमांक आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला आणि तेच आकडे ४११००२, ४११००४ असे शेवटी जाऊन बसले. ‘पार्ले ग्लुको’ असे नाव दिसले तर १९८२ च्या आधीचे, कारण त्या साली ते पार्ले-जी झाले. आणि अंक अचानक रोडावलेला, कागद मळकट व जाहिराती आखडलेल्या असतील तर तो महायुद्धातल्या कागद-नियंत्रणाचा काळ असण्याचा संभव आहे. यांपैकी एकच खूण धरू नये. जुना ब्लॉक पैसे वाचवण्यासाठी चार-चार वर्षे वापरला जात असे. दोन-तीन खुणा जुळल्या तरच विश्वास ठेवावा.

माळ्यावरचा_वाचक (सदाशिव पेठ)

सर्वांचे मनापासून आभार. काकांच्या सांगण्याप्रमाणे काल रात्री तो कारकुनाचा अंक पुन्हा काढला. त्याच अंकात चहाच्या एका जाहिरातीत किंमत ‘न. पै.’मध्ये आहे, वजन पौंडात आहे आणि एका मसालेवाल्याचा पत्ता ‘पुणे २’ असा आहे. म्हणजे १९५७ नंतरची पहिली काही वर्षे, असे धरायला हरकत नसावी. औषधाला विटाळ नाही हे वचन आत्याला ऐकवले, तेव्हा तिने त्याच्या आधीचा चरण म्हणून दाखवायच्या ऐवजी, चॉकलेट आमच्याकडे प्रथम आजोबांच्या खोकल्यावर आले होते, असे सांगितले.

पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माल्टच्या त्या जाहिरातीच्या खालच्या कोपऱ्यात चौकोनी भोक आहे. फुकट नमुन्याचे कुपन होते, ते आजीने कात्रीने कापून पाठवले होते. नमुना आल्याचे आत्याला आठवते. तिच्या म्हणण्याप्रमाणे चव कोणालाही आवडली नाही, पण डबी चांगली निघाली आणि ती अजून तिच्याकडे मोहरीसाठी वापरात आहे. मी ती पाहून आलो. झाकणावरचा रंग पार गेला आहे, फक्त पेल्यावरची वाफ तेवढी दिसते.

अडचण एवढीच, की त्या कुपनाच्या मागच्या बाजूला एका कथेचा शेवटचा परिच्छेद होता आणि त्यातल्या सहा ओळी कुपनाबरोबर गेल्या. नायिका कोल्हापूरच्या गाडीत बसते की स्थानकावरून परत फिरते, हे कळत नाही. पान क्रमांक १४३ आहे, मुखपृष्ठ नाही. या अंकाची धड प्रत कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.